नास्तिकाने बोललेला नवस फेडावा का? (विषय थोडा सिरीयस, थोडा नाही)

मुठेकाठची | ३ फेब्रुवारी २०२५, रात्री ११.४०

धायरीत राहते. आधीच सांगून टाकते, मी नास्तिक आहे, निदान अकरावीपासून सगळ्यांना तसं सांगत आलेय. घरात देव आहेत पण ते सासूबाईंचे, मी फक्त फडकं मारते.

तर एप्रिल २०२१. नवरा आयसीयूत, छातीच्या स्कॅनचा (एचआरसीटी) स्कोअर २५ पैकी १७, मास्क लावूनही ऑक्सिजन ८६ च्या वर जाईना. भाऊ रेमडेसिविरसाठी दिवसभर रांगेत उभा राहून रिकाम्या हाताने परत आलेला. मी रात्री पावणेतीनला हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलेय कारण आत सोडत नाहीत आणि घरी जायचं धाडस होत नाही. समोर एक रिक्षा उभी होती, तिच्या मागच्या काचेवर 'श्री चिंतामणी प्रसन्न, थेऊर'. बाकी काही कारण नाही. काचेवर खंडोबा असता तर जेजुरी झाली असती. मी त्या काचेकडे बघून मोठ्याने म्हणाले, याला घरी आण, मी पायी येते थेऊरला. गाडीत कोणी नव्हतं म्हणून बरं.

एकोणिसाव्या दिवशी तो घरी आला.

मी गेले नाही. आधी देवळंच बंद होती, ती घटस्थापनेला उघडली तेव्हा मी म्हणलं आता गर्दी असेल, मग गुडघा, मग मुलाची दहावी, मग खरं सांगायचं तर सोयीस्कर विसरले. नवऱ्याला यातलं काहीच माहीत नाही.

आता आमच्या भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार). नांदेड, किरकटवाडी, धायरी, रोज पेपरात आमचाच पत्ता. पुण्याचा आकडा शंभराच्या वर गेलाय. पाणी वीस मिनिटं उकळतेय, पनीर बंद, बाहेरचं बंद. आणि मागच्या मंगळवारपासून माझ्या तळपायांना मुंग्या येतायत. रात्री दोनला उठून मी पायाची बोटं हलवून बघते. डॉक्टरकडे जाऊन आले, ते म्हणाले काही नाही. पण डोक्यात एकच वाक्य फिरतंय, चिंतामणी आठवण करून देतोय.

मला हसू नका (हसा, पण उत्तर द्या). ज्याच्यावर विश्वासच नाही त्याचं देणं लागतं का? आणि साथ आली की तुमचं काय होतं, श्रद्धा वाढते की उडते?

---

कटिंगचहा | रात्री ११.५२

चार वर्षांचं व्याज धरून आता कोल्हापूरला पायी जावं लागेल. १८% जीएसटी वेगळा.

---

तर्कटपंत | ४ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

नाही लागत. कराराला दोन पार्ट्या लागतात, इथे एकच आहे. तुमचे मिस्टर वाचले ते ऑक्सिजन, स्टेरॉईड आणि रात्रपाळीच्या सिस्टर यांच्यामुळे. त्यांच्यापैकी कोणाला भेटायला गेलात का परत? नसाल तर तिथे जा, रिक्षाने गेलात तरी चालेल.

आणि नवसाची टर खुद्द तुकोबांनी उडवून ठेवलीय, मी काय वेगळं सांगणार.

---

मुठेकाठची | सकाळी ९.१५

@तर्कटपंत, सिस्टरांना भेटायला गेले होते, २०२२ च्या दिवाळीत. पेढे घेऊन गेले तर वॉर्डच राहिला नव्हता, तिथे फिजिओथेरपी सुरू झालेली. ज्या सिस्टर व्हिडिओ कॉल लावून द्यायच्या त्या गावी गेल्या म्हणे. पेढे फिजिओथेरपीवाल्यांनी खाल्ले.

---

डॉ_गल्लीतला | दुपारी २.३०

सिंहगड रोडलाच दवाखाना आहे माझा, त्यामुळे सध्या दिवसाला पंधरा-वीस 'मुंग्या' बघतोय. धाग्यावरून निदान करत नाही, पण जे दवाखान्यात सांगतो ते इथे लिहितो.

जीबीएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते. बऱ्याचदा आधी एकदोन आठवडे जुलाब होऊन गेलेले असतात, त्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू नेहमीचा संशयित. मुंग्यांनी सुरुवात होऊ शकते, हे खरं आहे. पण मुख्य गोष्ट ताकद जाणं. दोन्ही पायांतून सुरू होऊन वर चढत जातं. जिना चढता येत नाही, खाली बसलं की उठता येत नाही, चप्पल पायातून निसटते. आणि आम्ही गुडघ्याखाली हातोडी मारतो तेव्हा पाय उडत नाही. तुमचा उडाला असेल म्हणूनच डॉक्टर काही नाही म्हणाले.

दुसरं असं की घाबरलेला माणूस नकळत भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साईड उतरतो आणि ओठांभोवती, बोटांना, तळव्यांना मुंग्या येतात. म्हणजे मुंग्या खऱ्याच असतात बरं का, मनाचे खेळ म्हणून उडवून लावू नका, फक्त कारण वेगळं. रात्री दोनला येतात आणि ऑफिसात मीटिंग सुरू झाली की जातात, असं होत असेल तर उत्तर तिथेच आहे. मात्र ताकद कमी वाटली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर धागा वाचत बसू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलात. उपचार आहेत, आयव्हीआयजी (शिरेतून अँटिबॉडी) आहे, प्लाझ्मा बदलतात, महाग आहे पण बहुतेक लोक बरे होतात.

श्रद्धेचं म्हणाल तर २०२० मध्ये पीपीई चढवताना मी रामरक्षा म्हणायचो. आईने लहानपणी घोकून घेतलेली. देवासाठी म्हणायचो का, तर माहीत नाही, पण ती संपेपर्यंत ग्लोव्हज नीट चढलेले असायचे.

---

मुठेकाठची | दुपारी २.४८

मीटिंगमध्ये जातात. 😶

---

सासवडची_माई | संध्याकाळी ५.२०

नातीने टाईप करून दिलंय, शुद्धलेखन तिचं.

माझं वय ७८. आमच्या लहानपणी देवी यायच्या. आजार झाला असं म्हणायची पद्धत नव्हती, देवी आल्या म्हणायचं. माझ्या धाकट्या भावाला आल्या तेव्हा आई त्याच्याशी अहो जाहो बोलायची. चार वर्षाच्या पोराला, पाणी घेता का, कूस बदलता का. घरात फोडणी बंद, कारण देवीला ठसका चालत नाही. दाराला कडुनिंबाचा डहाळा लावला की बाहेरचं माणूस उंबऱ्याच्या आत यायचं नाही. अंथरुणावर लिंबाचा पाला. आंघोळ नाही, कोणी डोक्याला तेल लावायचं नाही, पाहुणा नाही, घरचं कोणी लग्नाला जायचं नाही. आता करोनात तुम्ही जे क्वारंटाईन म्हणत होता ते आमच्याकडे देवीच्या नावाने चालायचं. सरकारचं कोणी ऐकलं नसतं, देवीचं ऐकायचे.

तो वाचला, एक डोळा गेला. गावात सगळे वाचले नाहीत.

पुढे देवी टोचणारा माणूस आला की बायका पोरांना कणगीत लपवायच्या. माझ्या दंडावर दोन वण आहेत टोचल्याचे, नात विचारते ही नाणी कसली.

पटकी (म्हणजे कॉलरा) आली की मरीआईचा गाडा काढायचे. छोटासा लाकडी गाडा, त्यात मरीआई, हिरवं लुगडं, लिंबं, आणि वाजतगाजत शिवेपर्यंत ढकलत न्यायचा आणि शिवेपलीकडे सोडून मागे न बघता यायचं. मग पलीकडच्या गावाने तो पुढच्या शिवेवर न्यायचा.

---

कटिंगचहा | संध्याकाळी ५.३१

म्हणजे फॉरवर्डेड ॲज रिसीव्ह्ड.

---

तर्कटपंत | संध्याकाळी ५.४४

माईंचा प्रतिसाद भारी, पण यातून 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' असा निष्कर्ष काढायला आता चार जण येतील, त्याआधी नोंदवतो. दार बंद ठेवणं उपयोगी होतं. पण पोरांना कणगीत लपवणंही त्याच श्रद्धेतून आलं होतं. देवीचा रोग भारतातून १९७५ मध्ये गेला तो टोचणाऱ्या माणसांमुळे, गाड्यामुळे नाही.

---

सासवडची_माई | संध्याकाळी ६.१०

मी कुठं म्हणलं गाड्यामुळे. मी माझ्या दोन्ही मुलांना टोचलं आणि मरीआईला नारळही दिला. दोन्ही केलं.

---

बखरबहाद्दर | रात्री ९.००

पुण्यात हा विषय निघाला की १८९७ टाळता येत नाही, म्हणून थोडं लांब लिहितो.

प्लेग मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये उघड झाला आणि लवकरच पुण्यात पोचला. सरकारने प्लेगच्या बंदोबस्ताला रँड नावाच्या अधिकाऱ्याला आणलं. गोरे सोजीर घरात घुसून माळ्यावर, माजघरात, देवघरात बुटासकट रोगी शोधायचे, बायकांची तपासणी व्हायची. रोग पसरू नये हा हेतू शास्त्राला धरून होता, पण लोकांना मरणाइतकीच धास्ती विटाळाची आणि अब्रूची होती. २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी काय केलं ते शाळेत शिकलोय. साथरोग कायदा त्याच १८९७ चा, आणि मार्च २०२० मध्ये आपल्याकडे लागू झाला तोही हाच.

त्याच साली १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. डॉक्टर झालेल्या मुलाने, यशवंतने, हडपसरच्या बाजूला माळावर प्लेगचा दवाखाना काढला होता आणि मुंढव्याहून एका आजारी पोराला पाठीवर घालून त्या तिथे घेऊन आल्या. त्यातच लागण झाली. पुढे १९०५ मध्ये यशवंतही प्लेगातच गेला. टिळकांचा थोरला मुलगा १९०३ मध्ये प्लेगाने गेला.

आणि दगडूशेठ. पोटचा मुलगा साथीत गेला, तेव्हा गुरूंनी सांगितलं की दत्ताची आणि गणपतीची मूर्ती कर आणि मुलासारखी सांभाळ, अशी हकीकत सांगतात. आज आपण लायटिंग बघायला जातो त्याच्या मुळाशी मेलेलं मूल आहे, हे रांगेत उभं असताना कोणाच्या डोक्यात नसतं.

मुठेकाठची, तुम्ही थेऊर निवडलंत (किंवा रिक्षाने निवडलं) हे मला जास्त चाळवतंय. थोरले माधवराव चिंतामणीचे निस्सीम भक्त. क्षय झाला, त्याला तेव्हा औषध नव्हतं. शेवटचे दिवस थेऊरलाच देवळाच्या आवारात काढले आणि नोव्हेंबर १७७२ मध्ये तिथेच गेले, वय २७. पेशव्याला जे मिळालं नाही ते तुम्हाला रिक्षाच्या काचेमार्फत मिळालं म्हणायचं.

---

नवा_सदस्य_७७ | रात्री ९.१२

सगळ्यांनी आरओ बसवा. आमच्या सोसायटीत बसवलाय, कोणाला काही नाही.

---

कटिंगचहा | रात्री ९.१४

टँकर कुठल्या विहिरीतून भरतो ते विचारलंत का आधी?

---

नवा_सदस्य_७७ | रात्री ९.२०

विचारलं. ड्रायव्हर म्हणाला देवाच्या विहिरीचं आहे.

(पुढचे सतरा प्रतिसाद आरओ विरुद्ध उकळणे या वादावर गेले म्हणून ते 'पाणी' धाग्यावर हलवले आहेत. संपादक)

---

कॅम्पातला | ५ फेब्रुवारी, सकाळी १०.०५

संपादक आभार, तो आरओ धागा वाचून माझ्याच पायाला मुंग्या आल्या.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. २०२० चा रमजान पूर्ण लॉकडाऊनमध्ये. अब्बांनी पन्नास वर्षांत तरावीह (रमजानची रात्रीची नमाज) मशिदीबाहेर कधी पढली नव्हती, त्या वर्षी हॉलमध्ये सोफा सरकवून चार माणसांची जमात. अजान व्हायची आणि कोणी जायचं नाही, तो आवाज फार विचित्र वाटायचा, जेवायला हाक मारतायत पण दाराला कुलूप. शेजारचे एक काका म्हणाले मौत यायची तिथे येणारच, मशीद बंद करून अल्लाहला काय दाखवताय. अब्बा म्हणाले, हदीस आहे, जिथे ताऊन म्हणजे प्लेग पसरलाय तिथे जाऊ नका आणि तुम्ही तिथे असाल तर बाहेर पडू नका. आणि दुसरी, आधी उंट बांध मग भरवसा ठेव. आमच्याकडे तेव्हापासून मास्कला 'उंट' म्हणतात. उंट बांधला का, विचारतात अजून.

आझम कॅम्पसच्या मशिदीत क्वारंटाईनची सोय केली होती तेव्हा काका गप्प झाले.

पण खरी परीक्षा मय्यतला. माझे खालू, म्हणजे मावशीचे मिस्टर, गेले जुलैमध्ये. गुस्ल (शेवटची आंघोळ) नाही, कफन बॅगच्या वरून. खाला सारखी विचारायची, त्यांना तसंच पाठवलं का? साथीत मेलेल्याला शहिदाचा दर्जा आहे असं मौलानांनी फोनवर समजावलं. तिला तेवढंच पाहिजे होतं बहुतेक. दफन करणारी आमच्यातलीच पोरं होती, पीपीई घालून, आणि त्याच दिवशी त्यांनी दोन हिंदू मय्यतीही उचलल्या होत्या कारण घरचे सगळे पॉझिटिव्ह.

---

माळकरी | सकाळी ११.४०

कॅम्पातला भाऊ, माझ्या वडलांना अशाच पोरांनी नेलं. कोण होती माहीत नाही.

वडील तीस वर्षं वारी करत होते, आळंदी ते पंढरपूर, एकदाही चुकवली नाही. २०२० ला माउलींच्या पादुका एसटीने गेल्या, फुलं लावलेली बस, टीव्हीवर बघितली. वडील म्हणाले, देव एसटीने जातो आणि मी गॅलरीत. मग त्यांनी गच्चीवर चालायला सुरुवात केली. पहाटे चारला उठून, टाळ घेऊन, रोजच्या मुक्कामाचा हिशोब वहीत. आज सासवड, आज जेजुरी, आज वाल्हे. खालच्या मजल्यावाल्यांनी धपधप होते म्हणून तक्रार केली तर त्यांना गच्चीवर नेऊन बुक्का लावला. आषाढीला १ जुलैला गच्चीच्या टाकीला पदर अडकवून, आपलं उपरणं अडकवून, कळसदर्शन म्हणून नमस्कार केला आणि खाली आले.

ऑगस्टमध्ये गेले. सहा दिवसांत. वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनी, आम्ही गेटबाहेर. आई घरात पॉझिटिव्ह, मी पॉझिटिव्ह. दहावा नाही, ओंकारेश्वर नाही, पिंड नाही, कावळा नाही. मला कावळ्याचं काय एवढं, असं मी आधी म्हणलो असतो. पण तेव्हापासून खिडकीत कावळा आला की आई अजून पोळी सोडून उठते.

श्रद्धा उडाली का विचारताय. नाही उडाली. राग आहे. पांडुरंगावर राग काढता येतो हे मला बरं वाटतं, विषाणूवर काय काढणार.

---

गुरुजी_ऑनलाईन | दुपारी १२.३०

नारायण पेठ. भिक्षुकीची तिसरी पिढी. माळकरी, राहिलेला विधी नंतरही करता येतो, शास्त्रात सोय आहे. देहच मिळाला नाही तर पळसाच्या पानांची प्रतिकृती करून करतात, तुमच्याकडे तर अस्थी असतील. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दक्षिणा नको.

त्या वर्षी आम्ही झूमवर श्राद्धं केली. एकदा यजमान अमेरिकेत, पिंड पुण्यात, आणि मी म्हणतोय 'अपसव्य करा' तर ते म्हणाले यू आर ऑन म्यूट.

मूळ प्रश्नाला: पायी जमत नसेल तर प्रत्याम्नाय असतो, म्हणजे पर्याय. अन्नदान करा, जप करा. पण चार वर्षं टाळलंत याचा देवाला राग येऊन तो तुमच्या तळपायाला मुंग्या आणेल हे मात्र मला पटत नाही. त्याला बरीच कामं आहेत.

---

अनुत्तरित | रात्री १२.५५

इतके दिवस फक्त वाचत होतो. लिहू की नको करत लिहितोय, कोणाला लागलं तर आधीच सॉरी.

मे २०२१, आई व्हेंटिलेटरवर. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर ठरलं, महामृत्युंजयाचा सव्वा लाख जप. बेचाळीस नातेवाईक. मावसभावाने गूगल शीट केली, प्रत्येकाने आपापल्या रकान्यात आकडा टाकायचा, खाली टोटल आपोआप. मी कॉम्प्युटरवाला, कुठल्याच देवाचं काही करत नव्हतो, पण अकरा दिवस रोज दोन हजार केले, ऑफिसचे कॉल म्यूटवर ठेवून केले. रात्री जाग आली की शीट उघडायचो. ९८ हजार. १ लाख १२ हजार. एका संध्याकाळी सव्वा लाख पूर्ण झाले, रकाना हिरवा झाला, ग्रुपवर हात जोडलेल्या चिन्हांचा पाऊस. दुसऱ्या दिवशी पहाटे ५.४० ला हॉस्पिटलचा फोन.

तेराव्यानंतर एक मामा म्हणाले, काहींचे उच्चार चुकत होते.

मी त्यांच्याशी चार वर्षं बोललेलो नाही. ती शीट अजून ड्राइव्हमध्ये आहे, डिलीट होत नाही माझ्याने.

मुठेकाठची, तुमचे मिस्टर परत आले, मनापासून आनंद आहे. पण तुमचा एका वाक्याचा नवस पावला आणि आमचा सव्वा लाख जप पावला नाही, तर मग तो तिथे बसून नक्की करतो काय? तुम्ही थेऊरला जाऊन धन्यवाद म्हणाल तेव्हा मी काय समजायचं?

---

तर्कटपंत | ६ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

वाचलं. यावर माझ्याकडे वाद घालायला काही नाही.

---

मुठेकाठची | सकाळी ८.२०

@अनुत्तरित, रात्री वाचलं आणि झोपले नाही. (मुंग्या आल्या नाहीत, नोंद म्हणून.)

तुम्ही जे विचारलंत तेच मला चार वर्षं अडवतंय असं आता लिहिताना लक्षात येतंय. त्या पार्किंगमध्ये माझी एकटीचीच गाडी नव्हती. सात-आठ होत्या. एका ओम्नीत एक मुलगी मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली असायची, आम्ही एकमेकींना रोज बघायचो, बोललो कधी नाही. एके सकाळी ओम्नी नव्हती. ती पण काहीतरी बोललीच असणार ना कुठल्यातरी काचेकडे बघून.

मी नवस फेडला तर मी मान्य केलं की माझं ऐकलं गेलं. म्हणजे तिचं ऐकलं गेलं नाही. ते मला करायचं नव्हतं. गुडघा, दहावी, गर्दी ही सगळी बनवाबनवी होती. आणि आता भीती वाटायला लागल्यावर परत देव आठवला, हे जास्तच लाजिरवाणं आहे.

---

सासवडची_माई | सकाळी ११.००

नात कॉलेजला जायच्या आत लिहून घेतेय.

माझ्या सासूबाईंचं दुसरं मूल पटकीने गेलं. ते आजारी असताना त्यांनी मरीआईला लुगडं बोललं होतं. मूल दोन दिवसांत गेलं. दिवस झाल्यावर त्या लुगडं घेऊन गेल्या. नेसवून आल्या. लोक म्हणाले अगं पोर तर गेलं, मग कशाला? त्या म्हणाल्या पोर गेलं पण मी बोलले होते ना.

मला हे त्यांनीच सांगितलं, वाटणावर बसलो होतो तेव्हा. मी पुढे काही विचारलं नाही.

---

माळकरी | सकाळी ११.२५

🙏

---

कटिंगचहा | सकाळी ११.३०

या धाग्यावर विनोद करायची जबाबदारी माझी होती, ती मी तूर्त सोडतोय.

---

अनुत्तरित | दुपारी ३.१०

माई, दोनदा वाचलं. पटलं असं नाही म्हणत. मुठेकाठची, तुम्ही जा, माझ्यासाठी थांबू नका. ओम्नीवालीबद्दल लिहिलंत ते बरं केलंत.

---

डॉ_गल्लीतला | रात्री १०.४५

जाणारच असाल तर व्यावहारिक: तीस किलोमीटर एका दिवसात सवय नसताना नको. पहाटे निघा, सुती मोजे दोन जोड, उकळलेलं पाणी घरून, रस्त्यातला उसाचा रस नाही म्हणजे नाही. आणि सोलापूर रोडला ट्रकपासून सांभाळा, जीबीएसपेक्षा त्यांची भीती जास्त धरा.

---

मुठेकाठची | ९ फेब्रुवारी, रात्री ९.३०

आज जाऊन आले. अर्धवट पायी.

आधी शुक्रवारी नवऱ्याला सांगितलं. तो दोन मिनिटं गप्प, मग म्हणाला चार वर्षं मी कोणाच्या उधारीवर जगतोय ते मला सांगायला नको होतं का? मग म्हणाला मी पण येतो. म्हणलं नवस माझा आहे, तू गाडी घेऊन मागे ये. पहाटे चारला निघाले. स्वारगेटपर्यंत मस्त, थंडी होती, रस्ता रिकामा. हडपसरला उजेड झाला आणि उड्डाणपुलाखाली टाचेला फोड. लोणी काळभोरच्या अलीकडे दुसरा. तिथे रस्त्याकडेला बसले आणि नवरा गाडीतून उतरून म्हणाला उरलेलं ईएमआयवर दे. थेऊर फाट्यापर्यंत गाडीत बसले, लबाडी झाली, मान्य. फाट्यावर उतरून पुढचं सगळं परत पायी, लंगडत. तिथे ऊस, गुऱ्हाळं, आणि सायकलवरची दोन पोरं बराच वेळ बरोबर चालवत होती, मावशी कुठून आलात विचारत. धायरी म्हणल्यावर एकाने सायकल जरा लांब घेतली. पेपर वाचतात पोरं.

देवळात गेले. लाकडी सभामंडप आहे, गार वाटलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. धन्यवाद म्हणता आलं नाही. 'आले' एवढंच म्हणले. ओम्नीवालीची आठवण झाली, अनुत्तरित तुमच्या आईची पण, नाव माहीत नाही त्यामुळे आई असंच म्हणलं. माधवरावांचीही झाली, बखरबहाद्दर तुमच्यामुळे.

आणि मग घोटाळा. पुजाऱ्यांनी तळहातावर तीर्थ दिलं. पळीभर पाणी. आता हे पाणी कुठलं, उकळलंय का, मी तीन आठवडे दात घासायलाही उकळलेलं वापरतेय. मागे रांग. नवरा माझ्याकडे बघतोय, मी तळहाताकडे. चार वर्षांनी देवाच्या दारात येऊन कॅम्पिलोबॅक्टरचा विचार करणारी मीच असेन. शेवटी डोळ्यांना लावलं आणि उरलेलं डोक्यावरून फिरवलं. नवऱ्याने सरळ पिऊन टाकलं आणि वर म्हणाला, मी तर यांच्याच खात्यावर आहे.

---

डॉ_गल्लीतला | रात्री ९.४१

तुमचं बरोबर. मिस्टरांना पुढचे दोन आठवडे जुलाब झाले तर कळवा.

---

कॅम्पातला | रात्री ९.५०

उंट बांधला तुम्ही, माशाल्ला.

---

सासवडची_माई | रात्री १०.०५

तीर्थ डोळ्याला लावलं तरी पोचतं. फोडाला एरंडेल लावून झोप.

---

कटिंगचहा | रात्री १०.११

जबाबदारी परत घेतोय. फाट्यापर्यंतचे किलोमीटर बाकी आहेत, हप्ता कधी? आणि मुख्य चौकशी राहिली, मुंग्यांचं काय?

---

मुठेकाठची | रात्री १०.२०

तळपायाला एवढे फोड आलेत की मुंग्या असल्या तरी कळणार नाहीत.